‘पिशवी उलटी’ : एका ठपक्याची पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोलीत संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं हे एक कामच आहे. दर दोन इमारतींआड दवाखाना आणि त्यांच्या मधोमध सोनोग्राफी सेंटर. तिथून मोठा लिफाफा घेऊन बाहेर पडणाऱ्या सुनेला पायरीवरच विचारणा होते, “काय म्हणे डॉक्टरीण?” आणि उत्तर येतं, “पिशवी उलटी हाय म्हणते.” रिपोर्टात एवढंच असतं : युटेरस रेट्रोव्हर्टेड, म्हणजे गर्भाशय मागे कललेलं. बाकी सगळं ठीक असल्याचं खाली चार ओळींत लिहिलेलं असतं, पण ते कोणी वाचत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, त्याचं कारण सापडलं असं घर धरून चालतं.

मुळात ‘उलटी’ हा शब्दच चुकीचा आहे. गर्भाशय म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीचा, उलट्या धरलेल्या नासपतीच्या आकाराचा स्नायूचा अवयव. त्याचं तोंड खाली योनीत उघडतं आणि ते सगळ्यांचंच खाली असतं. बहुतेकींत वरचा जाड भाग पुढे, मूत्राशयावर झुकलेला असतो. साधारण पाचातल्या एकीत तो मागे, माकडहाडाच्या बाजूला कललेला असतो. कललेला, एवढंच. पिशवी पालथी होत नाही, तिच्यातून काही सांडतही नाही. तरी इंजेक्शन-गोळ्यांपासून कमरेखालच्या उशीपर्यंत इतके उपाय या एका कलण्यापायी का झाले, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लेखनात गर्भाशय पोटभर भटकतं, वर चढून छाती दाबतं, गुदमरवतं. त्याला जागेवर आणायला नाकाशी दुर्गंधी आणि खाली सुगंध असा उपाय होता. वाईट वासाने ते वरून पळेल आणि चांगल्या वासाने खाली येईल, हा हिशेब. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास रोममध्ये काम करणाऱ्या सोरॅनस या वैद्याने हे मानलं नाही. गर्भाशय बंधांनी बांधलेलं आहे, ते जनावरासारखं बिळातून बाहेर पडत नाही, असं त्याने लिहिलं. आपल्याकडे चरकसंहितेत वीस योनिव्यापदं, म्हणजे योनी-गर्भाशयाचे विकार, दिली आहेत. त्यांतली ‘अंतर्मुखी’ आजचे काही वैद्य मागे कललेल्या गर्भाशयाशी जोडतात. पोटभर जेवून, अंग वेडंवाकडं ठेवून संग केला की वायू मार्गात बसतो, तोंड वाकडं करतो आणि तीव्र वेदना होतात, असं ते वर्णन आहे. ही जोडणी मला जरा ओढून आणलेली वाटते. पण संगाच्या वेळच्या वेदनेची नोंद तिथे आहे हे खरं, आणि मागे कललेल्या गर्भाशयाची काहींना होणारी एक खरी तक्रार तीच आहे.

खरा गोंधळ सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी, 1754 च्या सुमारास, लंडनच्या विल्यम हंटरने गरोदरपणात मागे कललेलं गर्भाशय ओटीपोटात अडकून लघवी तुंबते हे नोंदवलं होतं. ते निरीक्षण आजही बरोबर आहे, आणि त्याकडे पुढे येऊच. पण एकोणिसाव्या शतकात स्त्रीरोग हे स्वतंत्र शास्त्र होऊ लागलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात होतं काय? योनीत घातलेलं बोट आणि पोटावर ठेवलेला दुसरा हात. क्ष-किरण नव्हते, अंतःस्रावांची (हार्मोन्सची) माहिती नव्हती, गर्भनलिका उघडी आहे की बंद हे बघायची सोय नव्हती. न्यूयॉर्कच्या रुबिनने गर्भनलिकेतून वायू सोडून ती तपासायची पद्धत आणली 1920 मध्ये. तोपर्यंत बोटाला कळत होतं ते एकच : गर्भाशय पुढे आहे की मागे. जे कळत होतं त्याच्यावरच दोष आला. या सगळ्या इतिहासाची किल्ली मला इथेच दिसते.

बरं, पुढे झुकलेलंच ‘बरोबर’ का, यावरही तेव्हा एकमत नव्हतं. भरलेल्या मूत्राशयाने गर्भाशय मागे ढकललं जातं, हे लक्षात घेऊन जर्मनीतल्या येना इथल्या बर्नहार्ट शुल्ट्झेने मूत्राशय रिकामं करून दोन्ही हातांनी तपासायचा आग्रह धरला. पुढे झुकलेलं हे बहुसंख्य स्त्रियांत दिसतं हे त्यातून ठरलं. मात्र ‘बहुसंख्य’चं ‘निरोगी’ व्हायला वेळ लागला नाही, आणि उरलेल्या सगळ्या रोगी ठरल्या. पाठदुखी, डोकेदुखी, चिडचिड, मूल न होणं, सगळ्याचं खापर मागे कललेल्या पिशवीवर.

मग उपाय आले. फिलाडेल्फियाच्या ह्यू लेनॉक्स हॉजला शेकोटीजवळचे चिमटे अडकवायचा वाकडा आकडा पाहून कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. त्याने तरफेसारखी वाकवलेली कडी केली. ती योनीत बसवून गर्भाशय पुढे धरून ठेवायचं. थोड्या फरकाने ती आजही वापरात आहे, मुख्यतः अंग बाहेर येणाऱ्या बायकांसाठी. कडीवर भागेना तेव्हा चाकू आला. 1881 मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम अलेक्झांडरने जांघेतून गर्भाशयाचे गोल बंध ओढून आखूड केले. त्याच दशकात गर्भाशय थेट पोटाच्या भिंतीला शिवून टाकायची शस्त्रक्रिया सुरू झाली. 1900 मध्ये ओहायोच्या गिलियमने स्वतःची वेगळी पद्धत मांडली. एकामागून एक सर्जन आपापल्या नावाने टाके घालत गेले. शिवलेलं गर्भाशय गरोदरपणात वर सरकू शकेना आणि बाळंतपणं अडू लागली, तेव्हा कुठे जोर ओसरला.

या शस्त्रक्रियांनंतर काहींना मुलं झाली, हेही खोटं नाही. पण शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच बायकांपैकी कितींना झाली असती, हे कोणी मोजून पाहिलं नव्हतं. पाचातली एक बाई म्हणजे केवढी मोठी संख्या! तिच्यातल्या कितीतरी जणी आपापल्या घरी निवांत बाळंत होत होत्या. त्या डॉक्टरांकडे आल्याच नाहीत, म्हणून पुस्तकातही आल्या नाहीत.

आणि नवरा? लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले 1677 मध्ये. अमेरिकेच्या मॅरियन सिम्सने 1866 च्या आपल्या ग्रंथात संगानंतर स्त्रीच्या स्रावात जिवंत शुक्रजंतू शोधायची तपासणी मांडली. वीर्य कसं तपासावं याची जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पुस्तिका मात्र 1980 ची. आधी बाई तपासायची ही रीत तिच्याही आधीपासून घट्ट बसली होती. धंतोलीच्या त्या लिफाफ्यात नवऱ्याचा कागद आजही क्वचितच असतो.

नागपूरकडे वळू. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी 1921 मध्ये मातृसेवा संघ काढला. त्या काळी इथल्या बाईपुढे प्रश्न होता तो सुईणीच्या हातून सुटून शिकलेल्या हातात सुखरूप बाळंत होण्याचा. पिशवी पुढे की मागे हा प्रश्न नंतरचा, मेडिकल कॉलेज आणि मग सोनोग्राफी आल्यावरचा. घरोघरी त्याआधीही ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घ्यायची रीत होतीच. इंग्रजी पुस्तकातली ‘उलटी पिशवी’ तिच्या शेजारी आरामात जाऊन बसली.

खरं दुखणं कुठे होतं ते विदर्भातूनच जगाला कळलं. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची राणी आणि अभय बंग यांनी तपासणी केली. ती 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि आधी अंतर्गत तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. त्यांतले बरेचसे रोग जंतुसंसर्गाचे. अंगावर काढलेला संसर्ग वर चढला, की गर्भनलिका चिकटतात, बंद होतात. आपल्या देशात त्यात जननेंद्रियांच्या क्षयाची भर.

मागे कललेल्या गर्भाशयाचा वंध्यत्वाशी जो काही खरा संबंध आहे, तो इथेच सापडतो. जन्मापासून मागे कललेलं गर्भाशय हलतं. बोटाने पुढे आणलं तर येतं. शुक्रजंतू स्वतः पोहतात, काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडाच्या स्रावात शिरतात; त्यांना उतार-चढाव लागत नाही. संगानंतर पालथं झोपायचा सल्ला त्यामुळे निरुपद्रवी आणि निरुपयोगी, दोन्ही. पण संसर्गाने किंवा एंडोमेट्रिओसिसने (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढायचा रोग) गर्भाशय मागे चिकटून बसलं असेल, तर ती खूण महत्त्वाची. पाळीत असह्य दुखणं, संगात खोलवर दुखणं, सोबत अंडाशयात गाठ, असं असेल तर पुढचा तपास हवाच. तिथेही मूल न होण्याचं कारण तो चिकटवणारा रोग असतो, कलणं नव्हे.

दिवस राहिल्यावर काय? मागे कललेलं गर्भाशय वाढता वाढता बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात आपोआप ओटीपोटातून वर येतं. गर्भपात त्यामुळे होत नाही. हंटरने पाहिलेली अडकण्याची गोष्ट अंदाजे तीन हजार गरोदरपणांत एकदा घडते. चौथ्या महिन्यात लघवी अडली, थेंबथेंब होऊ लागली, तर मात्र घरी पाणी पीत बसू नये. नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, की बहुतेकदा गर्भाशय गुडघे-छातीच्या आसनात किंवा डॉक्टरांच्या हाताने वर येतं.

रिपोर्टावरचा तो एक शब्द रेडिओलॉजिस्ट लिहितो तो दुसऱ्या डॉक्टरसाठी. कॉपर-टी बसवणाऱ्याला दिशा माहीत नसेल तर गर्भाशयाला भोक पडायचा धोका असतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ आत सोडताना नळी कुठे वळवायची, हेही त्यावरून ठरतं. पुढे झुकलेलं गर्भाशय सरळ यावं म्हणून बाईला भरपूर पाणी प्यायला लावतात. मागे कललेलीला बऱ्याचदा आधी लघवीला जाऊन यायला सांगतात.