सिटकॉममधली समलिंगी पात्रे आणि ‘पहिले’ या शब्दाचा घोळ

अमेरिकी सिटकॉममधले, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमधले, पहिले समलिंगी पात्र कोणते, असे विचारले तर निदान पाच उत्तरे मिळतात आणि पाचही आपापल्या जागी बरोबर असतात. एका भागापुरता आलेला पाहुणा धरायचा, तर ‘ऑल इन द फॅमिली’चा ९ फेब्रुवारी १९७१ चा भाग. मालिकेचा नायक आर्ची, त्याला ज्या नाजूक तरुणाचा संशय असतो तो तसा निघत नाही. निघतो आर्चीचाच दोस्त, आडदांड माजी फुटबॉलपटू. वरचेवर येणारे पात्र धरायचे तर १९७२ च्या ‘द कॉर्नर बार’मधला नेपथ्यकार. मुख्य पात्रांपैकी एक हवे असेल तर १९७७ च्या ‘सोप’मधला जोडी डॅलस. मालिकेचा नायकच हवा असेल तर १९८१ चा ‘लव्ह, सिडनी’. आणि नायकाने वा नायिकेने ते स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे अशी अट घातली, की गाडी थेट १९९७ वर येऊन थांबते.

यात खरा पेच सिडनीचा. ज्या टीव्ही-चित्रपटातून ही मालिका निघाली त्यात तो समलिंगी असल्याचे स्पष्ट होते. मालिका सुरू झाल्यावर त्याचा उच्चार जवळजवळ बंद झाला. उरला तो घरात ठेवलेला एका पुरुषाचा फोटो. ज्याला ठाऊक आहे त्याला तो गेलेल्या प्रियकराचा, ज्याला नाही त्याला कुण्या आप्ताचा. वाहिनीचे दोन्हीकडून भागले. म्हणून ‘पहिला समलिंगी नायक’ हा मान सिडनीला देणारे आणि नाकारणारे, दोघेही एकाच फोटोकडे बोट दाखवतात. आमच्या मते तो मान देऊ नये. जे पात्र नाकारण्याची सोय ठेवून लिहिले जाते, त्याची गणना दाखवण्यात नव्हे, लपवण्यात करावी.

‘सोप’चा दोष वेगळा. त्यातल्या जोडी डॅलस या तरुणाला सुरुवातीला आपल्या फुटबॉलपटू प्रियकरासोबत उघडपणे राहता यावे म्हणून लिंगबदल शस्त्रक्रिया करून हवी असते. समलिंगी असणे आणि स्त्री व्हावेसे वाटणे यांची सरमिसळ लेखकांनीच केली होती. एकही भाग दिसण्याआधी निषेधाची पत्रे येऊन पडली आणि काही स्थानिक केंद्रांनी मालिका घेतलीच नाही.

ही स्थानिक केंद्रे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे नव्वदीचे दशक कळत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय वाहिनी कार्यक्रम पुरवते, पण गावोगावची बरीच केंद्रे दुसऱ्यांच्या मालकीची असतात आणि नको तो भाग गाळू शकतात. त्यामुळे संहितेत काट मारण्याखेरीज वाहिनीची हत्यारे तीन: वेळ बदलणे, भागाआधी सूचनेची पाटी लावणे आणि चुंबनाच्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळवणे. समाज कुठवर आला होता हे संवादांपेक्षा या तीन गोष्टींवरून जास्त नेमके कळते.

‘रोझॅन’मध्ये १ मार्च १९९४ रोजी दोन स्त्रियांचे चुंबन दाखवायला वाहिनीने आधी नकार दिला, मग बराच गाजावाजा झाल्यावर ती नमली. डिसेंबर १९९५ मध्ये त्याच मालिकेतले दोन पुरुषांचे लग्न रात्री आठऐवजी साडेनऊला ढकलले गेले. जानेवारी १९९६ मध्ये ‘फ्रेंड्स’मध्ये दोन स्त्रियांचे लग्न लागले, फुले होती, पाहुणे होते, चुंबन नव्हते. तरी ओहायो आणि टेक्सासमधल्या एकेका केंद्राने तो भाग वगळला.

मग ३० एप्रिल १९९७. ‘एलेन’च्या नायिकेचे सांगणे विमानतळावर घडते. ती समोरच्या स्त्रीला सांगायला अडखळत पुढे वाकते, नकळत प्रवाशांसाठीच्या घोषणेच्या माइकवर रेलते आणि ‘मी गे आहे’ हे अख्ख्या प्रतीक्षागृहात घुमते. कुजबुजीत सांगायची गोष्ट लाउडस्पीकरवर जाते, हाच विनोद आणि हीच त्या काळची कोंडी. भागाला नाव मात्र ‘पपी एपिसोड’. नायिकेचे पुढे काहीच होत नाही म्हणून तिला कुत्र्याचे पिल्लू आणून द्या, असे वरून सुचवले गेले होते. ते नाव मग गुप्तता राखायला कामी आले. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी भाग पाहिला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या केंद्राने तो नाकारला, तेव्हा तिथल्या लोकांनी सभागृह घेऊन उपग्रहावरून पाहिला.

पुढच्या हंगामात मैत्रिणीचे गमतीत घेतलेले चुंबन असलेल्या भागालाही पालकांसाठी सूचनेची पाटी लागली. १९९८ मध्ये मालिका बंद झाली. प्रेक्षक घटले हे खरे, पण विनोदी मालिकेआधी धोक्याची पाटी लावली की हसायला बसलेला माणूस आधीच आखडतो, हेही खरे.

त्याच वर्षी सप्टेंबरात दुसऱ्या वाहिनीवर ‘विल अँड ग्रेस’ आली. तिला श्रेय फार मिळते. २०१२ मध्ये खुद्द तत्कालीन उपाध्यक्षांनी जनतेला शहाणे करण्याचे मोठे काम तिच्या नावावर मांडले. पण यातला समलिंगी नायक विल, त्याच्या वाट्याला प्रेमप्रकरणे बरीच उशिरा आली. २००० च्या फेब्रुवारीतला एक भाग मात्र धारदार आहे: पात्रे टीव्हीवर पुरुषांचे चुंबन पाहायला जमतात आणि ऐन क्षणी कॅमेरा शेकोटीकडे वळतो. मग निषेध म्हणून विल मित्राचे चुंबन घेतो, तेही थेट प्रक्षेपणात. त्यात प्रणय नव्हता, म्हणून ते खपले.

‘मॉडर्न फॅमिली’ सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा कॅलिफोर्नियात नव्या समलिंगी विवाहांना बंदी होती. नोव्हेंबर २००८ च्या सार्वमताने ती आणली होती. मालिकेतल्या मिचेल आणि कॅम या पुरुष जोडप्याच्या हाती दत्तक मुलगी होती, लग्न नव्हते. दोघे एकमेकांचे चुंबन घेत नाहीत म्हणून प्रेक्षकांनी मोहीम उघडली, आणि २०१० मधल्या एका भागात ते आले ते पार्श्वभूमीला, पुढे दुसरेच काही चालू असताना. जून २०१३ मध्ये न्यायालयीन निकालांनी विवाहाची वाट मोकळी झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्याच भागात मागणी घातली गेली. गॅलप या अमेरिकी जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत अशा विवाहांना १९९६ मध्ये २७ टक्के लोकांचा पाठिंबा होता, २०१५ मध्ये ६० टक्क्यांचा. मे २०१४ मध्ये दोन भागांत लग्न लागले. वणव्यामुळे ठरलेली जागा सोडावी लागते, वऱ्हाड वणवण फिरते आणि शेवटी मिचेलचे वडील, ज्यांना हे लग्न चारचौघांत मिरवणे आधी जड जात होते, सगळ्यांना आपल्या क्लबात घेऊन जातात.