हिरव्या मूर्तीला चिंच लावू नका

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडली. अशा मूर्ती पाहून हमखास कुणीतरी म्हणतं, चिंच-मीठ लावून घासली तर कशी लखलखेल! नेमकं तेच करायचं नसतं.

ब्राँझवरचा हिरवा थर दोन जातींचा असतो. एक गर्द, गुळगुळीत आणि घट्ट. तो धातूचं कवच आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसरा फिकट पोपटी, भुरभुरीत, टाचणीने सहज सुटणारा. हा मात्र रोग.

मातीतल्या मिठातलं क्लोराइड ब्राँझमधल्या तांब्याला भिडलं की कवचाखाली क्युप्रस क्लोराइडचा मेणचट, राखाडी थर धरतो. कोरडा असेतो तो शेकडो वर्षं गप्प राहतो. मूर्ती बाहेर आली, दमट हवा लागली की:

4CuCl + O₂ + 4H₂O → 2Cu₂(OH)₃Cl + 2HCl

पोपटी भुकटी, म्हणजे Cu₂(OH)₃Cl, फुगते आणि कवच फोडते. सुटलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आतलं तांबं खाऊन पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवतं. म्हणजे अर्धं क्लोराइड भुकटीत अडकतं, पण उरलेलं पुन्हा पुन्हा फिरत राहतं! आता चिंच-मिठाचा विचार करा: चिंच कवच उतरवते आणि मीठ ताजं क्लोराइड पुरवतं.

उपचार असा: भुकटी भिंगाखाली सुईने काढायची, मूर्ती अ‍ॅसिटोनने धुऊन वाळवायची, मग बेंझोट्रायझोल या तांब्याची झीज रोखणाऱ्या रसायनाच्या 3 टक्के अल्कोहोली द्रावणात 24 तास बुडवायची (रसायन विषारी, हातमोजे हवेतच) आणि वर अ‍ॅक्रिलिक रेझिनचा पातळ लेप. तरीही खोल खड्ड्यातलं क्लोराइड उरतंच. म्हणून खरं औषध कोरडेपणा. आर्द्रता 42 टक्क्यांच्या आत हवी. आपल्याकडे जुलैत ती 85 च्या पुढे जाते. त्याच दिवसांत 'मूर्तीला घाम फुटला' म्हणून नारळ फुटतात. गार धातूवर दमट हवेचं पाणी धरतं, एवढंच ते.

कपाट हवाबंद हवं आणि दर घनमीटरला सुमारे 20 किलो सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद-उंच पेटीला 5 किलो लागतं. नारंगी दाण्यांचा रंग पालटला की 110 अंशांवर तापवायचे आणि झाकणबंद डब्यातच गार करायचे. उघडे ठेवले तर पेटीपर्यंत पोचेतो निम्मी भूक भागलेली असते.