सीए की सीएमए: आधी सहीचा अधिकार बघा

सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, सीएमए म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट. दोन्ही हिशेबाच्याच पदव्या, दोन्हींच्या मागे संसदेचा कायदा, दोन्हींचे टप्पेही तेच: फाउंडेशन, इंटर, फायनल. त्यामुळे ‘सीए झेपलं नाही तर सीएमए’ असा हिशेब घराघरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. या दोघांतला फरक अवघड-सोप्याचा नसून कायद्याने कोणाची सही कुठे मागितली आहे, याचा आहे.

सीएची संस्था १९४९च्या कायद्याने झाली, तिचं मुख्यालय दिल्लीत. कंपनीच्या वार्षिक ताळेबंदावर वैधानिक (म्हणजे कायद्याने नेमावाच लागणारा) लेखापरीक्षक म्हणून सही फक्त सीएची चालते. आयकराचं टॅक्स ऑडिटही त्याच्याचकडे. सीएमएची संस्था १९५९च्या कायद्याची. जुन्या लोकांना ती आयसीडब्ल्यूए म्हणूनच ठाऊक आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १४८ खालचं कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाच्या नोंदींची तपासणी, हा तिच्या सदस्यांचा राखीव प्रांत. कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक त्याच कंपनीचं कॉस्ट ऑडिट करू शकत नाही. अंतर्गत लेखापरीक्षण आणि जीएसटी अधिकाऱ्यांपुढे पक्षकाराची बाजू मांडणं, ही कामं मात्र दोघांनाही खुली आहेत. मालसाठ्याच्या मूल्याबद्दल आयकर अधिकाऱ्याला शंका आली, तर ते कॉस्ट अकाउंटंटकडून तपासून घेण्याची सोयही २०२३पासून झाली आहे.

कॉस्ट ऑडिट सगळ्यांना लागत नाही. औषधं, खतं, वीज, पेट्रोलियम, साखर, दूरसंचार अशा नियंत्रित क्षेत्रांत कंपनीची एकूण उलाढाल किमान ५० कोटी आणि नियमाच्या यादीतल्या मालाची किमान २५ कोटी असेल तर ते लागतं. इतर ठरवून दिलेल्या उद्योगांत हेच आकडे १०० आणि ३५ कोटी. त्यात एक मेख आहे. साखर यादीत आहे म्हणून महाराष्ट्रातला प्रत्येक कारखाना सीएमएचा अशील होईल असं कोणी समजू नये. सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, तो कंपनी नाही. हा नियम खासगी साखर कंपन्यांना लागतो.

आता दोघांची नजर कशी वेगळी पडते ते एका आकड्यावर बघा. चाकणला सुटे भाग बनवणारं एक युनिट धरू. वर्षाचा स्थिर उत्पादन खर्च (नग कमी-जास्त निघाले तरी तेवढाच राहणारा) १० लाख, नेहमीची क्षमता १०,००० नगांची. म्हणजे नगामागे १०० रुपये. यंदा नग निघाले ८,०००च आणि वर्षअखेर १,००० नग गोदामात उरले. कंपनी त्या साठ्यावर स्थिर खर्च नगामागे १२५ रुपयांनी चढवते, कारण १० लाख भागिले ८,०००. साठ्याचं मूल्य कसं धरायचं ते सांगणाऱ्या लेखामानक २ प्रमाणे हे चालत नाही. उत्पादन घटलं म्हणून साठ्याची किंमत फुगवता येत नाही. दर १००चाच, आणि कमी निघालेल्या २,००० नगांचे न जिरलेले २ लाख सरळ नफातोटा पत्रकात. सीएने हे पकडलं नाही तर साठा आणि नफा दोन्ही २५,०००ने जास्त दिसतात. त्याचं काम इथे संपतं. सीएमएचं इथून सुरू होतं: ते २,००० नग गेले कुठे? साचा बदलायला वेळ लागला, मशीन बंद होतं, कच्चा माल उशिरा आला की ऑर्डरच नव्हती? कारण कळल्याशिवाय पुढच्या कोटेशनमध्ये दर काय लावायचा हे ठरत नाही.

या दुसऱ्या प्रश्नात रस असेल तर सीएमए ही दुय्यम निवड ठरत नाही. कारखान्यातली कॉस्टिंगची खुर्ची, बजेट, दरनिश्चिती यांसाठी तीच सरळ वाट. सरकारी कंपन्यांच्या वित्त विभागातल्या जाहिरातींत बहुधा ‘सीए/सीएमए’ असंच छापलेलं असतं. पण स्वतःच्या नावाची पाटी लावून गावात व्यवसाय करायचा असेल तर सीएच बरं. व्यापारी, पतसंस्था, बांधकाम व्यावसायिक यांना लागणाऱ्या सह्या बव्हंशी त्याच्याच असतात. सीएमएला पाटी लावून पोट भरता येतं, पण त्यासाठी उद्योगांचा पट्टा जवळ लागतो.

अभ्यासाचं गणित असं. सीएच्या नव्या योजनेत इंटर आणि फायनल प्रत्येकी सहा पेपरांचं, तीन-तीनचे दोन ग्रुप. सीएमएला दोन्हीकडे आठ-आठ पेपर, चार-चारचे ग्रुप. पेपरात किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के, हा नियम दोन्हीकडे. पोरं घसरतात ती बहुतेकदा दुसऱ्या अटीवर: ६२, ४४, ४१ मिळाले, तिन्ही पेपर सुटल्यासारखे वाटतात, बेरीज १४७, हवी होती १५०, आणि ग्रुप गेला. ६० किंवा जास्त गुण मिळालेल्या पेपरची सूट मिळते, म्हणजे तो पुढच्या वेळी द्यावा लागत नाही, एवढाच दिलासा. त्यामुळे एक विषय ४०वर सोडून द्यायचा बेत करताना ते कमी पडलेले गुण कोणत्या पेपरातून भरून निघणार, ते आधीच ठरवायला हवं.

सीएला इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण), मग सहा महिने अभ्यास, मग फायनल. सीएमएला १५ महिन्यांचं प्रशिक्षण, आणि ते कंपनीतही करता येतं. मात्र ते पूर्ण झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. इंटर झाल्यावर ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यांची इथे आयती एक परीक्षा हुकते, आणि सीएमएच्या परीक्षा वर्षातून जून आणि डिसेंबर अशा दोनच.

राहता राहिला तो क्लासच्या फलकांवरचा घोळ. ‘सीएमए, फक्त दोन पेपर’ असं जिथे लिहिलेलं असतं ती वर सांगितलेल्या भारतीय संस्थेची पदवी नाही, अमेरिकेतल्या आयएमए या संस्थेची आहे. चार-चार तासांचे दोन पेपर, ५००पैकी ३६० गुणांना उत्तीर्ण, शिवाय पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुण्या-मुंबईतल्या वित्त केंद्रांत तिला मान आहे. आखातात जायचं असेल तरी ती उपयोगी पडते. पण कलम १४८ खाली तिच्या जोरावर सही करता येत नाही. फी भरण्याआधी नोंदणी नेमकी कोणत्या संस्थेकडे होणार, ते लेखी मागून घ्या.