हृदयविकार असलेला खेळाडू आणि संघाचा करार: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मे महिन्यात दादर-माटुंग्याच्या मैदानांवर क्रिकेटची शिबिरं भरतात, तेव्हा पालकांपुढे एक छापील अर्ज येतो. त्याच्या तळाशी ओळ असते: सरावादरम्यान काही इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. मुलीच्या वेळी मीही त्यावर सही केली. वाचली, खटकली, तरी केली.

मोठ्यांच्या खेळात हीच ओळ लाखो-कोटींच्या करारात येते आणि तिथे प्रश्न मोडलेल्या बोटाचा उरत नाही. खेळाडूच्या हृदयात दोष आहे, तो मैदानावर कोसळू शकतो, हे संघाला करार करतानाच ठाऊक असतं. मग त्याला घ्यायचं की नाही? २०१९ साली हा प्रश्न मुंबईच्या दारात आला. मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबशी करारबद्ध असलेला तरुण बचावपटू अन्वर अली राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी निवडला गेला आणि वैद्यकीय चाचण्यांत त्याच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचं आढळलं. वर्षभरापूर्वी स्पेनमध्ये भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं, तेव्हा फ्री किकवर गोल करणारा मुलगा तो हाच. त्याचं पुढे काय झालं त्याकडे येण्याआधी बरंच मागे जावं लागेल.

मुंबईपुरती या वादाची सुरुवात मी नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्यापासून धरते. १७ मार्च १९६२ रोजी, वेस्ट इंडिज दौऱ्यात, बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं. पुढे डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा उभे राहिले, प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले, पण ३१ कसोटींनंतर त्यांना बत्तिसावी मिळाली नाही. त्या दौऱ्यात त्यांच्या जागी कर्णधार झाले ते मन्सूर अली खान पतौडी, वय २१. आदल्याच वर्षी इंग्लंडमधल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. एका डोळ्याने वेगवान गोलंदाजी खेळणाऱ्याला संघाने कर्णधार केलं, फुटलेल्या कवटीच्या माणसाला परत घेतलं नाही. दोन्ही निर्णय निवड समितीच्या बंद खोलीत झाले. किती धोका चालेल याचं लेखी माप कुणापाशीच नव्हतं.

त्या काळात मुंबईत 'संघात घेणं' याचा अर्थच निराळा होता. संघ कंपनीचा असायचा आणि संघात घेणं म्हणजे नोकरीला लावणं. गावसकर निर्लॉनमध्ये, वाडेकर स्टेट बँकेत, वेंगसरकर टाटांकडे. टाइम्स शील्ड या क्रिकेट स्पर्धेचे सामने ऑफिसांच्या संघांमध्ये व्हायचे. कूपरेजच्या मैदानावर मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, महिंद्र यांचे फुटबॉल संघ उतरायचे. लालबाग-परळ-प्रभादेवीच्या कबड्डीत आजही 'व्यावसायिक गट' म्हणतात तो याच कचेऱ्यांचा. डॉक्टरने खेळायला मनाई केली, तर माणूस मैदानातून उठून टेबलावर जाऊन बसायचा. पगार, क्वार्टर, पेन्शन जागच्या जागी. भरतीच्या मेडिकलमध्ये अडकला तर मात्र नोकरीच हातची जायची. म्हणजे दुखणं लपवायचा मोह एकदाच, दारातच होता. आत आल्यावर लपवायचं कारण उरत नसे.

ही व्यवस्था कुणी हृदयरोग्यांसाठी आखली नव्हती. पण खेळ थांबला तरी चूल थांबत नाही, ही तिची जमेची बाजू आता फार मोठी वाटते. कारण अमेरिकेत नेमक्या याच गाठीवर माणसं मेली.

हँक गॅदर्स हा लॉस एंजेलिसमधल्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. डिसेंबर १९८९ मध्ये तो सामन्यात कोसळला, हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निदान झालं, गती आवरणारं औषध सुरू झालं. औषधाने अंग जड होतं, खेळ मंदावतो, अशी त्याची तक्रार होती. मात्रा कमी होत गेली. समोर व्यावसायिक लीगचं दार दिसत होतं. ४ मार्च १९९० रोजी तो पुन्हा कोसळला आणि गेला. वय २३. तीन वर्षांनी बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा कर्णधार रेजी लुइस सामन्यात खाली पडला. क्लबने बोलावलेल्या हृदयतज्ज्ञांच्या गटाने आजार गंभीर ठरवला, दुसऱ्या नामांकित डॉक्टरने तो साधा मूर्च्छेचा प्रकार ठरवला. लुइसने साहजिकच दुसरं मत उचललं. २७ जुलै १९९३ रोजी साध्या सरावात त्याचा अंत झाला. दोन डॉक्टरांच्या मतांमधून खेळाडूनेच एक निवडायचं, तेही सारं आयुष्य त्या उत्तरावर टांगलेलं असताना, ही मला यातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते.

न्यायालयात हा प्रश्न नीट पोचला तो निकोलस नॅप या विद्यार्थ्यामुळे. शाळेत असताना त्याचं हृदय बंद पडलं होतं. वाचल्यावर, ठोके बिघडले की हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र शरीरात बसवलं गेलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्याला बास्केटबॉलसाठी शिष्यवृत्ती देऊ केली होती. विद्यापीठाने ती चालू ठेवली, पण खेळू दिलं नाही. धोका माझा, निर्णयही माझा, असं म्हणत तो कोर्टात गेला आणि आधी जिंकलाही. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: तज्ज्ञांत मतभेद असले, तरी वाजवी वैद्यकीय पुराव्याच्या आधारे 'नको' म्हणण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे. या निकालावर चर्चा होते ती खेळू न देण्याची. शिष्यवृत्ती चालू राहिली ही अर्धी बाजू सहसा कुणी सांगत नाही, आणि आपल्या ऑफिस संघांशी जुळणारी बाजू तीच आहे.

इटलीने वेगळी वाट धरली. १९८२ पासून तिथे स्पर्धात्मक खेळासाठी ईसीजीसह वैद्यकीय तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. व्हेनेतो प्रांतातल्या खेळाडूंमधले अचानक मृत्यू दर लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ पर्यंत उतरल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यावर वाद आहेत. ईसीजीत भलतंच काही दिसून निरोगी मुलं बाहेर बसतात हा त्यातला मोठा आक्षेप, आणि तो खोटा नाही. पण याच इटलीत न्वांक्वो कानूची गोष्ट घडली.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये नायजेरियाने फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं तेव्हा कानू कर्णधार होता, नुकतीच विशी गाठलेला. त्याच उन्हाळ्यात इंटर मिलानने त्याला आयाक्सकडून घेतलं आणि तपासणीत त्याच्या महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. खेळ संपला असंच सगळ्यांनी धरलं. क्लबने करार फाडला असता तर तेव्हा कुणी बोट दाखवलं नसतं. इंटरने त्याला सोडलं नाही. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत झडपेवर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी तो मैदानावर परतला. १९९९ मध्ये आर्सेनलने त्याला घेतलं. २००३-०४ मध्ये लीगमध्ये एकही सामना न हरणाऱ्या आर्सेनलच्या संघात तो होता. मधल्या काळात, २००० साली, त्याने आफ्रिकेतल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी संस्था काढली. संघाने अशा खेळाडूला घ्यावं का, या प्रश्नाला या गोष्टीने एक नवा भाग जोडला: घेतल्यावर दुखणं निघालं तर संघ काय करतो? 'घेणं' म्हणजे काय हे तिथे कळतं.

सगळीकडे असं झालं नाही. शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाने २००५ मध्ये आपला खेळाडू एडी करी याच्याकडे हृदयविकारासाठीची जनुकीय चाचणी मागितली. चाचणी विरोधात गेली तर ५० वर्षं दरसाल ४ लाख डॉलर देऊ, असंही सांगितलं. करीने नकार दिला, न्यूयॉर्क निक्सने चाचणीशिवाय त्याला घेतलं आणि तो खेळत राहिला. २००८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, मालकाला अशी चाचणी मागता येत नाही. आपल्याकडे हा प्रश्न जास्त नाजूक आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हृदयस्नायूच्या विकाराशी जोडलेला एक जनुकीय बदल सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळतो. पंचवीस जणांमागे एक. त्यातले अनेक जण कितीतरी वर्षं धडधाकट जगतात. उद्या कबड्डी किंवा फुटबॉलच्या कराराआधी ही चाचणी सक्तीची झाली, तर कधीच आजारी न पडणारी किती मुलं दारातून परत जातील! २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हृदयरुग्णाच्या विम्याच्या खटल्यात, जनुकीय दोषावरून आरोग्य विम्यात भेदभाव करणं घटनाबाह्य ठरवलं. खेळाडूंच्या करारांपर्यंत तो विचार अजून पोचायचा आहे.

मैदानावरचे मृत्यू भारतालाही चुकले नाहीत. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर गोल केल्यावर कोसळला आणि मरण पावला. २०१२ च्या मार्चमधल्या दोन घटना तर शेजारी ठेवूनच वाचाव्यात. १७ मार्चला लंडनमध्ये सामना खेळताना कोसळलेल्या फुटबॉलपटू फॅब्रिस मुआंबाचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. मैदानावर वैद्यकीय पथक होतं, प्रेक्षकांतून एक हृदयतज्ज्ञ धावत आला, मुआंबा वाचला. चारच दिवसांनी बंगळुरूत स्थानिक लीगच्या सामन्यात डी. वेंकटेश कोसळला. रुग्णवाहिका नव्हती. त्याला ऑटोरिक्षातून नेलं आणि तो गेला. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका मिळायला उशीर होतो त्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आपल्याकडे सायंकाळी सहा वाजता शिवाजी पार्कवरून कुठल्याही मोठ्या इस्पितळात पोचायला किती मिनिटं लागतात ते दादरकरांना सांगायला नको.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन याच्यामुळे ही चर्चा जगभर गेली. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये तो कोसळला, जागेवरच झटका देऊन त्याला परत आणलं, पुढे शरीरात यंत्र बसवलं. इटलीत अशा यंत्रासह खेळू देत नाहीत, म्हणून इंटरशी त्याचा करार संपला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडून उतरला आणि त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतलं. हृदय तेच, यंत्र तेच, सीमा ओलांडली की उत्तर बदललं. त्यामागे शास्त्रही सरकलं होतं. असं यंत्र बसवलेल्या ३७२ खेळाडूंच्या २०१३ च्या अभ्यासात खेळताना एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता. झटके मात्र अनेकांना बसले होते.

आता अन्वर अलीकडे. क्लबने त्याला पुढच्या तपासण्यांसाठी फ्रान्सला पाठवलं आणि उत्तर खेळाच्या विरोधात आलं. २०२० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडनने त्याला घेतलं, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखलं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये दिल्ली एफसीकडून तो परतला, पुढे एफसी गोवा, मार्च २०२२ मध्ये भारतीय संघ, मग मोहन बागान. २०२४ मध्ये तो ईस्ट बंगालला गेला, तेव्हा त्याच्यासाठीच क्लबांमध्ये मोठा तंटा झाला. तो खेळतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही मुंबई सिटीने २०१९ मध्ये त्याला तपासणीला पाठवलं आणि खेळवलं नाही, याला मी भ्याडपणा म्हणणार नाही. त्या वेळी हातात होती ती माहिती तशीच होती.

माझं म्हणणं असं: अशा खेळाडूला घ्यावं, पण नुसत्या संमतिपत्रावर नाही. एकोणीस वर्षांच्या मुलावर घर चालतं, तेव्हा त्याची 'माझ्या जबाबदारीवर' ही सही कितपत मोकळी असते? १८६० च्या दंड संहितेनेही, कलम ८७ मध्ये, तलवारबाजीचा दाखला देत खेळातल्या संमतीला जागा दिली, पण मृत्यूचा संभव ठाऊक असलेलं कृत्य त्यातून वगळलं. आजच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २५ आहे. करारात हवं ते वेगळंच: खेळ थांबवावा लागला तर ठरलेली रक्कम चालू राहील, निदान क्लबच्या पगारावर नसलेला डॉक्टर करेल, आणि झटक्याचं यंत्र सामन्याइतकंच सरावालाही हजर असेल. लुइस सरावातच गेला.

महिंद्रचा फुटबॉल संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१४ मध्ये फुटबॉलची इंडियन सुपर लीग (आयएसएल) आणि प्रो कबड्डी आली. पैसा वाढला आणि नोकरीची जागा हंगामी कराराने घेतली. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लांबला, तेव्हा काही क्लबांनी धडधाकट खेळाडूंचेही पगार थांबवले. छातीत धडधडतंय असं सांगणं आजच्या मुलाला कूपरेजच्या जुन्या ऑफिस खेळाडूपेक्षा कितीतरी महाग पडतं.

यंदाच्या शिबिराच्या अर्जावर सही करताना मी खाली पेनाने एक ओळ लिहिली: मैदानाजवळ झटका देणारं यंत्र कुठे आहे आणि ते कुणाला वापरता येतं? दोन दिवसांनी प्रशिक्षकांचा फोन आला. ते म्हणाले, "ताई, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. चौकशी करून सांगतो."