परक्या सर्व्हरवरची लायब्ररी: एका ओळीची उसनवारी

जॉन रेसिगने जानेवारी २००६मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे वेबपानांत वापरायचा आयता कोड, लोकांपुढे आणली आणि दोन-तीन वर्षांत जो तो ती वापरू लागला. फाइल एकच, पण प्रत मात्र प्रत्येकाच्या सर्व्हरवर वेगळी. मे २००८मध्ये गूगलने जेक्वेरी, प्रोटोटाइप, मूटूल्स, डोजो अशा लायब्रऱ्या आपल्या सर्व्हरवर ठेवून सगळ्यांना फुकट वापरू दिल्या. पानात स्क्रिप्टची एक ओळ लिहायची, पत्ता गूगलचा द्यायचा, काम झालं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आणि २०११मध्ये सीडीएनजेएस या सेवेने तीच सोय केली.

यामागचा हिशोब तेव्हा चोख होता. सकाळी एका साइटवर उतरलेली जेक्वेरी ब्राउझरच्या कॅशमध्ये, म्हणजे उतरलेल्या फाइलींच्या तात्पुरत्या साठ्यात, राहायची. दुपारी उघडलेल्या दुसऱ्याच साइटवर तोच पत्ता आणि तीच आवृत्ती असली, तर फाइल पुन्हा उतरवावी लागत नसे. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर ७सारखे ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी दोनच कनेक्शन उघडत, त्यामुळे परका पत्ता म्हणजे जास्तीची वाट मिळायची. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, साइट चालवणाऱ्याला याचं मोल कळत होतं. त्या काळात ही ओळ लिहिणाऱ्या कुणालाही मी दोष देणार नाही.

पण सामायिक कॅशमधून चोरून पाहताही येत होतं. एखादी फाइल किती झटकन आली हे मोजलं की हा माणूस आधी कुठे जाऊन आला, याचा अंदाज लागायचा. म्हणून ब्राउझरवाल्यांनी प्रत्येक साइटच्या कॅशला वेगळा कप्पा दिला. सफारीने २०१३मध्येच, क्रोमने ऑक्टोबर २०२०पासून, फायरफॉक्सने जानेवारी २०२१मध्ये. तेव्हापासून एका साइटवर आलेली जेक्वेरी दुसरीच्या कामाची राहिली नाही. उलट परक्या सर्व्हरशी नवी जोडणी करण्यात वेळ जातो तो वेगळाच. ओळी मात्र पानांत तशाच राहिल्या.

आणि त्या ओळीतून आलेल्या स्क्रिप्टला पान पूर्ण मोकळं असतं. पासवर्डचा रकाना वाचणं, फॉर्म बदलणं, माणसाला भलतीकडे पाठवणं, काहीही. यावर २०१५-१६मध्ये उपाय आला: ओळीतच फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहायचा, जुळला नाही तर ब्राउझर ती चालवत नाही. पॉलिफिल म्हणजे जुन्या ब्राउझरमध्ये नसलेल्या सोयी भरून काढणारा कोड. तो पुरवणाऱ्या पॉलिफिल डॉट आयओला हॅश लावणं शक्यच नव्हतं, कारण ही सेवा समोरचा ब्राउझर बघून प्रत्येकाला वेगळी फाइल द्यायची.

फेब्रुवारी २०२४मध्ये त्या सेवेचं डोमेन आणि गिटहबवरचं (जिथे कोड ठेवला जातो) खातं फनल नावाच्या चिनी कंपनीकडे गेलं. जूनमध्ये सॅनसेक या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की एक लाखाहून जास्त साइटवर या पत्त्यावरून घातक कोड जातोय. तो ठरावीक मोबाइलवर, ठरावीक वेळीच जागा व्हायचा, अ‍ॅडमिन दिसला की गप्प बसायचा. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या नावातल्या एलच्या जागी आय घातलेल्या डोमेनवरून तो लोकांना सट्ट्याच्या साइटवर ढकलायचा. त्याच आठवड्यात डोमेन बंद झालं, आणि साइटची ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्याकडच्या साइटमधल्या त्या ओळी परस्पर बदलून सुरक्षित प्रतीकडे वळवल्या.

ही सेवा मुळात सुरू करणारे अँड्र्यू बेट्स फेब्रुवारीपासूनच सांगत होते की ती ओळ ताबडतोब काढा, आजच्या साइटना त्या पॉलिफिलची गरजच उरलेली नाही.