एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या पाकिटांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९८६. डॅलसच्या डब्ल्यूएफएए या टीव्ही वाहिनीवर एक मुलाखत दाखवली गेली. एका बाजूला सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीची, म्हणजे एसएमयूची, तीन माणसं बसली होती: फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक बॉबी कॉलिन्स, क्रीडा संचालक बॉब हिच आणि खेळाडूंच्या भरतीचं काम बघणारे हेन्री ली पार्कर. समोर पत्रकार डेल हॅन्सन, आणि त्यांच्यापाशी टपालाने आलेलं एक पाकीट. डेव्हिड स्टॅन्ले नावाच्या माजी खेळाडूच्या घरी ते ऑक्टोबर १९८५ मध्ये पोचलं होतं. त्यावर पार्कर यांच्या नावाची आद्याक्षरं होती. एसएमयूत यायला आपल्याला २५ हजार डॉलर मिळाले आणि नंतरही दर महिन्याला पैसे येत राहिले, असं स्टॅन्लेने वाहिनीला सांगितलं होतं. पाकीट पुढे केल्यावर पार्कर यांची उत्तरं कॅमेऱ्यासमोर डळमळत गेली. तीन महिन्यांनी त्या विद्यापीठाचं फुटबॉलच बंद पडलं.

फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट आणि खांद्यावर चिलखतासारखी पॅड घालून खेळायचा हा अमेरिकी खेळ आहे, आणि विद्यापीठांच्या पातळीवर त्याला क्रिकेटइतकी भक्ती मिळते. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना सामन्याच्या शनिवारी अख्खं गाव बंद झाल्यासारखं दिसतं ते याचमुळे. अठरा-वीस वर्षांची पोरं ८०-९० हजार लोकांपुढे खेळतात. त्या गर्दीच्या तिकिटांवर आणि टीव्हीच्या पैशांवर प्रशिक्षकांचे पगार निघतात, स्टेडियम उभी राहतात. कित्येक दशकं त्यातला एक डॉलरही खेळाडूला उघडपणे देता येत नव्हता. मिळायची ती शिष्यवृत्ती: फी, खोली, जेवण, पुस्तकं.

चोरवाटा या नियमाइतक्याच जुन्या आहेत. मैदानावरचे मृत्यू वाढले तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना कानपिचक्या दिल्या. त्यातून जन्मलेल्या, कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचं नाव १९१० पासून एनसीएए झालं. सुरुवातीला तिच्या हाती शिक्षेचं काही साधन नव्हतं. ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच सुमारास, कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल आला. ज्या शंभरावर महाविद्यालयांची पाहणी झाली, त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना कुठल्या ना कुठल्या वाटेने पैसे पोचत होते. कुठे नावापुरती नोकरी, कुठे माजी विद्यार्थ्यांचा फंड, कुठे सरळ रोख. अहवालाची चर्चा झाली आणि सगळं पूर्ववत सुरू राहिलं.

नियमाची वाटणी असमान आहे हे उघड व्हायला १९५० उजाडावं लागलं. दोन वर्षांपूर्वी एनसीएएने ‘सॅनिटी कोड’ आणला होता. खेळाडूला मदत करायची तर त्याची आर्थिक गरज बघून, आणि फक्त शिकवणीच्या फीपुरती. राहण्याजेवणाचा खर्च त्याने काम करून काढायचा. सात महाविद्यालयांनी हे पाळायला नकार दिला, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सात पापी’ ठरवलं. व्हर्जिनिया विद्यापीठाचं म्हणणं साधं होतं: मुलाने दिवसभर शिकायचं, संध्याकाळी सराव करायचा आणि वर पोटासाठी नोकरीही करायची, हे होणार कसं? मेरीलँड विद्यापीठाचे अध्यक्ष कर्ली बर्ड यांनी ओहायो स्टेटचं नाव घेऊन विचारलं, की ज्यांच्याकडे व्हर्जिनियाच्या कितीतरी पट खेळाडूंची सोय लावायची ताकद आहे, ते व्हर्जिनियाला हाकलायला मत देणार का? हकालपट्टीच्या बाजूने १११ आणि विरोधात ९३ मतं पडली. दोन-तृतीयांश न मिळाल्याने सातही जण वाचले, आणि पुढच्या वर्षी तो कोडच गुंडाळला गेला. बर्ड यांचा प्रश्न मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या शहरातल्या, मोठ्या पाठबळाच्या विद्यापीठाला ‘नोकरी’ या नावाखाली जे सहज करता येत होतं, तेच लहान गावातल्या विद्यापीठाने केलं की गुन्हा होत होता.

१९५१ मध्ये वॉल्टर बायर्स एनसीएएचे प्रमुख झाले आणि तब्बल ३६ वर्षं राहिले. त्यांच्या काळात संघटनेला चौकशी आणि शिक्षेचे दात आले. ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्दही त्याच काळातला. कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू १९५५ मध्ये सामन्यातल्या दुखापतीने गेला आणि त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. तिला ती मिळाली नाही. असे दावे टिकू नयेत म्हणून हा शब्द आपण रुजवला, असं बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहिलं. १९७३ मध्ये चार वर्षांची शिष्यवृत्ती एका वर्षावर आणली गेली. दरवर्षी नूतनीकरण, तेही प्रशिक्षकाच्या मर्जीवर.

मग टीव्हीचा पैसा आला. कुठल्या संघाचे किती सामने दाखवायचे हे तोवर एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. विद्यापीठांना बाजारात उतरायची मुभा मिळाली. खेळाडूवरचं बंधन मात्र होतं तिथेच राहिलं.

टेक्सास हे या सगळ्याचं पेटतं केंद्र होतं. तिथल्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, बहुतेक संघ एकाच राज्यातले. तीच शाळकरी मुलं, तेच तेलवाले आणि बांधकामवाले धनिक. या धनिक चाहत्यांना तिथे ‘बूस्टर’ म्हणतात. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा माजी विद्यार्थी बसलेला असायचा. शनिवारी हरलं की आठवडाभर टोमणे ऐकावे लागायचे. पैसे पोचवणाऱ्याला नाव होतं ‘बॅगमन’. सामना संपल्यावर हात मिळवताना तळव्यात घडी केलेली शंभराची नोट सरकवायची, त्याला ‘शंभर डॉलरचं हस्तांदोलन’ म्हणत.

एसएमयू हे खासगी विद्यापीठ, टेक्सास विद्यापीठ किंवा टेक्सास ए अँड एमच्या तुलनेत फारच लहान. एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स यांच्या जोरावर १९८२ मध्ये त्यांनी एकही सामना गमावला नाही आणि देशात दुसरा क्रमांक मिळवला. शाळेत असतानाच डिकरसनच्या दारात उभी राहिलेली सोनेरी ट्रान्स अ‍ॅम गाडी टेक्सासमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. ऑगस्ट १९८५ मध्ये एनसीएएने एसएमयूवर कडक शिक्षा ठोठावली. तोवर १३ खेळाडूंना पैशांची वचनं दिलेली होती. पैसे एकदम थांबवले तर मुलं बोलतील, या भीतीने विद्यापीठाच्या वरिष्ठांनी ते देणं सुरू ठेवायचं ठरवलं. ही मुलं बाहेर पडतील तसे पैसे आपोआप बंद होतील असा हिशेब. हा निर्णय कुणा हौशी चाहत्याचा नव्हता. नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स त्यात सामील होते, आणि १९८७ च्या जानेवारीत ते दुसऱ्यांदा टेक्सासचे गव्हर्नर झाले. मार्चमध्ये त्यांनी पत्रकारांसमोर ते कबूल केलं. गव्हर्नरपद त्यांच्याकडेच राहिलं.

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी निकाल लागला. एका बूस्टरच्या फंडातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर गेले होते. १९८७ चा हंगाम पूर्ण रद्द. १९८८ मध्ये घरच्या मैदानावर एकही सामना नाही. यालाच ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात. वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठी हा नियम १९८५ मध्ये विद्यापीठांनीच मंजूर केला होता. १९८८ चा हंगाम एसएमयूने स्वतःच सोडला. दुसऱ्या विद्यापीठांचे भरतीवाले थेट एसएमयूच्या आवारात उतरले आणि उरलेले खेळाडू घेऊन गेले. ज्यांनी एक पैसा घेतला नव्हता, त्या मुलांनाही चंबूगबाळं आवरावं लागलं. पुढचा बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, एसएमयूला मिळाला तो २००९ मध्ये.

त्याच कॉन्फरन्समधल्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची, म्हणजे टीसीयूची, गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते, आणि मला ती जास्त बोचते. १९८५ मध्ये आपल्या खेळाडूंना पैसे मिळतात हे कळल्यावर प्रशिक्षक जिम वॅकर यांनी केनेथ डेव्हिससारख्या, चेंडू घेऊन धावणाऱ्या अव्वल खेळाडूसह अनेकांना स्वतःहून संघाबाहेर काढलं आणि एनसीएएला कळवलं. तरी १९८६ मध्ये टीसीयूवर जबर शिक्षा आली, डझनावारी शिष्यवृत्त्या गेल्या. खरं बोललं तर काय मिळतं, हे शेजारच्या सगळ्या विद्यापीठांनी पाहिलं.

यामागे यंत्रणेचीच एक गोम आहे. एनसीएएला समन्स काढता येत नाही, शपथेवर साक्ष घेता येत नाही. विद्यापीठाने सहकार्य केलं, कुणी रागावलेला माणूस फुटला किंवा पत्रकाराने खणून काढलं, तरच प्रकरण उभं राहतं. निवाडा करणारी समितीही बरीचशी सदस्य विद्यापीठांच्याच माणसांची. बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी टारकेनियन यांचा टोला म्हणूनच अमर झाला: एनसीएए केंटकीवर इतकी चिडली आहे, की ती आता क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा देईल. केंटकी बलाढ्य, क्लीव्हलँड स्टेट लहानसं. तेच टारकेनियन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८८ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला: एनसीएए ही सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे राज्यघटनेतल्या न्याय्य प्रक्रियेची हमी तिला लागू होत नाही.

मोठ्या फुटबॉल संघावर डेथ पेनल्टी पुन्हा कधीच आली नाही. मेम्फिसच्या अल्बर्ट मीन्सला अलाबामात आणण्यासाठी एका बूस्टरने त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाला दीड लाख डॉलर दिल्याचं प्रकरण २००२ मध्ये निकाली निघालं. अलाबामाही वारंवार सापडलेलं विद्यापीठ होतं. समितीच्या अध्यक्षांनी अलाबामा बंदुकीच्या नळीसमोर उभं होतं असं सांगितलं. गोळी मात्र सुटली नाही. बोल सामन्यांवर दोन वर्षांची बंदी आणि शिष्यवृत्तीकपातीवर भागलं.

२०१० हे एकच वर्ष घ्या. जूनमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला बोल सामन्यांची दोन वर्षं बंदी झाली आणि ३० शिष्यवृत्त्या गेल्या, कारण त्यांचा खेळाडू रेजी बुश याच्या कुटुंबाला एजंट होऊ पाहणाऱ्यांनी पैसे आणि घर दिलं होतं. सप्टेंबरमध्ये जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची जर्सी एक हजार डॉलरला विकली म्हणून तो चार सामने बाहेर बसला. त्याच्या ८ क्रमांकाच्या जर्सी दुकानांत विकल्या जातच होत्या. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला ऑबर्नचा कॅम न्यूटन एका दिवसात पात्र ठरला. त्याच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेटकडे पैसे मागितले होते हे एनसीएएला मान्य होतं, पण मुलाला माहीत नव्हतं असा निष्कर्ष निघाला, आणि ऑबर्न अजिंक्य ठरलं. त्याच महिन्यात ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी पदकं-जर्सी विकल्याचं आणि त्या बदल्यात गोंदवून घेतल्याचं उघड झालं. त्यांना पाच सामन्यांची बंदी झाली, पण पुढच्या हंगामात. जानेवारीतला शुगर बोल हा सामना खेळायला परवानगी मिळाली. ग्रीनने त्याच शरद ऋतूत, सामने चालू असताना, बंदी भोगली होती.

मग मायामीचं प्रकरण आलं. आर्थिक फसवणुकीत तुरुंगात गेलेला बूस्टर नेव्हिन शपिरो याने खेळाडूंवर वर्षानुवर्षं पैसे उधळल्याचं सांगितलं. समन्सचा अधिकार नसलेल्या एनसीएएने त्याच्याच वकिलाला पैसे देऊन दिवाळखोरीच्या खटल्याच्या आडून साक्षी घ्यायला लावल्या. २०१३ मध्ये हे फुटलं तेव्हा एनसीएएच्या अंमलबजावणी विभागाच्या प्रमुखांनाच जावं लागलं. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या, नुसत्या कागदावर भरणाऱ्या वर्गांवर काहीच शिक्षा झाली नाही. खेळाडूंना त्या वर्गांचा फायदा झाला होता, पण ते इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणून नियम लागूच होत नाही असं ठरलं.

शेवटी ही इमारत न्यायालयांत ढासळली. २१ जून २०२१ रोजी, खेळाडूंना शिक्षणाशी निगडित लाभ देण्यावरच्या मर्यादांबद्दलच्या अ‍ॅल्स्टन खटल्यात, सर्वोच्च न्यायालय एकमताने, ९ विरुद्ध ०, एनसीएएच्या विरोधात गेलं. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमावायची मुभा मिळाली. १९८६ मध्ये पाकिटातून गेलेला पैसा आता ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या नोंदणीकृत संस्थेतून जाऊ लागला. देणारे बरेचसे तेच, बूस्टर. एप्रिल २०२४ मध्ये रेजी बुशला त्याची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान, परत मिळाली. त्याच वर्षी एसएमयू अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. त्यासाठी नऊ वर्षांच्या टीव्ही-उत्पन्नावर त्यांनी पाणी सोडलं आणि ती भर बूस्टरांच्या खिशातून काढली. डिसेंबरमध्ये ते राष्ट्रीय प्लेऑफमध्येही पोचले आणि पेन स्टेटकडून ३८-१० असे हरले.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर केली. माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत द्यायची मुभा. त्या मर्यादेवर लक्ष ठेवायला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवी संस्था आली. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार खेळाडूने तिथे कळवायचा असतो, आणि तो खरा व्यवहार आहे की भरतीचा पैसा, हे तपासलं जातं. या नव्या संस्थेलाही समन्स काढता येत नाही.