उभा ट्रक रेस का धरतो?

आमच्या अण्णांचा, म्हणजे काकांचा, सहा चाकी ट्रक कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून सळया उचलतो आणि घोडबंदरच्या साइटवर नेतो. गाडी जुनी, मेकॅनिकल डिझेल पंपवाली, सेन्सर वगैरे काही नाही. गेल्या पावसाळ्यात ती उभ्या उभ्या रेस धरायला लागली, पाय काढला तरी इंजिन खाली बसेना. मिस्त्रींनी क्रँकच्या पुलीवर चमकपट्टी चिकटवून मीटर धरला तर आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, १०५०, असायला पाहिजेत ६५०च्या आसपास. सहा सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात ६५०ला सेकंदाला साधारण ३२ वेळा डिझेल पेटतं आणि १०५०ला ५२ वेळा, म्हणजे सिग्नलला नुसतं उभं राहून किती जादा जळत असेल बघा.

जो तो सांगत होता, कुठूनतरी हवा घेतेय. हे पेट्रोल गाडीला बरोबर आहे, तिथे थ्रॉटलची पाकळी हवा अडवून धरते, पाइप फाटला की चोरून हवा घुसते आणि आयडल, म्हणजे पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग, वाढतं. पण डिझेल इंजिन तसंही छाती भरूनच हवा घेतं, वेग ठरतो तो डिझेल किती जातंय त्यावर. (काही जुन्या छोट्या डिझेल गाड्यांत इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर व्हॅक्यूमवर चालायचा, त्याचा पडदा फाटला तरी रेस वाढते, तो प्रकार वेगळा.)

हा गव्हर्नर मला फार आवडतो. पंपाच्या मागच्या डब्यात दोन वजनं फिरत असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी, ओढून डिझेल कमी करतात, वेग पडला की स्प्रिंग रॅकला परत ढकलते. जेम्स वॉटने १७८८ला वाफेच्या इंजिनावर हीच युक्ती वापरली होती आणि आपल्या ट्रकमध्ये अजून तीच चालते. आयडल म्हणजे वजनं आणि स्प्रिंग यांची बरोबरीत सुटलेली ओढाताण, त्यामुळे एक्सलेटरला जोडलेला पंपाचा लिव्हर जरा जरी पुढे राहिला तरी स्प्रिंगचा जोर वाढतो आणि बरोबरी वरच्या आरपीएमला जाऊन होते.

मिस्त्री म्हणाले, "अण्णा, आयडलच्या स्क्रूला हात नका लावू, आधी वायर काढू." एक्सलेटरची वायर लिव्हरवरून सोडवली, लिव्हर टक करून स्क्रूवर बसला आणि आरपीएम ७८०. म्हणजे निम्म्याहून जास्त दोष वायरचा. ती बाहेर ओढली तर केबिनच्या पत्र्यातून जिथे वळते तिथे गंजून तारा उकललेल्या, बोट फिरवलं की टोचत होत्या.

उरलेल्याचं कारण आयडल स्क्रूवरच दिसलं, नटाचा रंग तुटलेला आणि आटे चकचकीत, म्हणजे आधी कुणीतरी पिळून ठेवलेला. तो मागे घेतला तर ६५०ला इंजिन झोके घ्यायला लागलं आणि बंद पडलं. खरा आजार हा होता, गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी रेस वाढवून तो झाकला होता!

शेवटी सापडला फीड पंपाच्या नळीवरचा तांब्याचा वॉशर, चिरलेला. तिथे पंप डिझेल ओढून घेतो म्हणून बाहेर थेंबही गळत नाही, उलट हवाच आत जाते. म्हणजे हवा घेत होती हे खरंच, फक्त डिझेलच्या लाइनमध्ये. वॉशर बदलला, फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँडपंप मारत राहिलो, आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्टार्टर मारला. ६५०, आणि काटा जागचा हलला नाही.